आवाज बदलला म्हणून घराणं बुडत नाही

'डार्क ट्रँक्विलिटी' या बँडचा 'एंडटाइम सिग्नल्स' हा अल्बम ऑगस्ट २०२४ मध्ये आला आणि तेव्हापासून तो माझ्या कानांत मुक्काम ठोकून आहे. बँड स्वीडनमधल्या गोथेनबर्गचा. मी मूळचा कोल्हापूरचा, पण नोकरीमुळे आता याच गावचा झालोय.

ज्यांनी मेलोडिक डेथ मेटल कधी ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दोन्ही पायांनी बडवलेला बेस ड्रम, पोटातून काढलेला गुरगुरता आवाज आणि या सगळ्या दणदणाटावर दोन गिटारींनी मिळून गायलेली एक सुरेल, बहुतेक वेळा उदास चाल. १९९० च्या दशकात 'ॲट द गेट्स', 'इन फ्लेम्स' आणि 'डार्क ट्रँक्विलिटी' या तीन बँडनी हा प्रकार घडवला आणि जगभर त्याला 'गोथेनबर्ग साउंड' हे नाव पडलं. म्हणजे हे या शहराचं घराणंच. त्यात घराण्यांसारखी देवाणघेवाणही चालायची. डार्क ट्रँक्विलिटीचा पहिला गायक आंदर्स फ्रिडेन पुढे इन फ्लेम्समध्ये गेला. डार्क ट्रँक्विलिटीचाच गिटारवादक मिकाएल स्टान्ने इन फ्लेम्सच्या पहिल्या अल्बमवर गायला आणि मग गिटार ठेवून डार्क ट्रँक्विलिटीचा गायक झाला, तो आजतागायत.

नव्या अल्बमबद्दल माझं मत चांगलं आहे, पण सरसकट नाही. 'अनफरगिव्हेबल' हे गाणं ऐकताना १९९५ च्या 'द गॅलरी'ची आठवण येते. तोच वेग, गिटारींची तीच धावाधाव. 'द लास्ट इमॅजिनेशन'मध्ये मात्र चाल कीबोर्डच्या हातात आहे, गिटार मागून साथ करते. मला सगळ्यात जवळचं वाटतं ते 'वन ऑफ अस इज गॉन'. बँडचा जुना गिटारवादक फ्रेडरिक योहानसन २०२२ मध्ये कॅन्सरने गेला, त्याच्यासाठी केलेलं हे गाणं. लय संथ ठेवलीय, आणि स्टान्नेचा मूळचा भरदार, खर्जाकडे झुकलेला आवाज दुःख झेलायला पुरेसा पडतो. जी दोन-तीन गाणी मधल्या लयीत रेंगाळतात ती काढून टाकली असती तर अल्बम जास्त बांधेसूद झाला असता.

स्टान्ने सोडला तर संस्थापकांपैकी आता बँडमध्ये कुणीच नाही. ड्रमर नवा आहे, बासिस्ट नवा आहे, गिटारवर योहान राइनहोल्ट्झ आहे. 'यांनी आपला आवाज सोडला' ही ओरड तर फार जुनी. १९९९ च्या 'प्रोजेक्टर'मध्ये स्टान्ने पहिल्यांदा भरपूर साध्या आवाजात गायला, तेव्हाच अनेकांनी या बँडचं नाव टाकलं होतं. त्यानंतर मार्टिन ब्रँडस्ट्रॉम कीबोर्ड घेऊन आला आणि 'गिटारचं तेज गेलं' ही दुसरी तक्रार सुरू झाली. इन फ्लेम्सचं तर विचारूच नका. २००२ मध्ये त्यांनी जुना बाज सोडून वळण घेतलं, त्यावरून आजही इथे दोन मित्रांत वाजू शकतं. आणि गंमत म्हणजे ज्यांना तो जुना बाज हवा होता, त्यांनाही तो मिळाला. इन फ्लेम्सच्या जुन्या मंडळींनी स्टान्नेला सोबत घेऊन 'द हेलो इफेक्ट' नावाचा बँड काढला आणि २०२२ मध्ये त्याच बाजाचा ताजा अल्बम दिला. नवं आलं म्हणून जुनं मेलं नाही, शेजारच्या खोलीत वाजत राहिलं.

हे सगळं लिहावंसं वाटलं ते आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या भांडणामुळे. 'अभंग रिपोस्ट' हा मुंबईचा बँड संतांचे अभंग गिटार-ड्रम्सवर गातो. कुणीतरी त्यांचा व्हिडिओ टाकला आणि दोन तट पडले. एकाने लिहिलं, 'अभंगाची पार वाट लावली.' दुसऱ्याने लिहिलं, 'निदान पोरं अभंग ऐकतायत तरी.' मग गाडी घराण्यांच्या शुद्धतेवर गेली. किशोरीताईंनी (आमोणकर) आपल्या घराण्याची जयपूर गायकी सोडली इथपासून सगळं निघालं. मला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटल्या. पहिल्या बाजूला गाणं वस्तुसंग्रहालयातल्या वस्तूसारखं हवंय. दुसऱ्या बाजूने ते नीट ऐकलेलंच नाही. किती पोरं ऐकतात हे काही गाण्याचं परीक्षण नव्हे.

शुद्धतेचा मुद्दा जयपूर-अत्रौली घराण्यावर तर टिकतच नाही. ज्या अल्लादिया खाँसाहेबांच्या नावाने हे घराणं ओळखलं जातं, त्यांचा आवाज अतिगायनाने बसला होता. पूर्वीसारखं गाणं शक्य नव्हतं, तेव्हा त्यांनी उरलेल्या आवाजाला पेलेल अशी पेचदार, लयीत गुंफलेली गायकी नव्याने उभी केली. आपण जिला मूळ शुद्ध गायकी म्हणून कवटाळतो, ती अशा सक्तीच्या बदलातून आलेली आहे. मोगूबाई कुर्डीकर खाँसाहेबांच्या शिष्या. त्यांच्या लेकीने, किशोरीताईंनी, भेंडीबाजार घराण्याच्या अंजनीबाई मालपेकरांकडेही शिकून आपला रस्ता काढला, तर त्यात घराण्याचं नुकसान कुठे झालं? खाँसाहेबांनी केलं तेच त्यांनी केलं.

आणि कीबोर्डवरून इथे जे बोललं जातं, तेच आपल्याकडे पेटीवरून, म्हणजे हार्मोनियमवरून, झालेलं आहे. १९४० मध्ये रेडिओवर पेटीला बंदी झाली, ती उठायला १९७१ साल उजाडलं. ही पेटी युरोपातून आलेली. आज पेटीशिवाय कीर्तन, भजन, नाट्यगीत डोळ्यांपुढे आणून बघा.

तर बदल हवा की नको, यावर मी आता वाद घालत नाही. मला दुसराच प्रश्न छळतो, आणि तो परदेशात आल्यावरच मला नीट दिसला: एवढी वर्षं बदलत राहायला या माणसांना जागा कुठे मिळाली?

गोथेनबर्ग हे काही अवाढव्य शहर नाही. लोकसंख्या साधारण सहा लाख. बंदर आणि मोटारींचे कारखाने यांवर वाढलेलं कामगारांचं गाव. इथून एवढे बँड निघाले यामागे एक अगदी व्यवहारी कारण आहे. स्वीडनमध्ये नगरपालिकेच्या संगीतशाळा आहेत, तिथे मुलांना कमी पैशांत वाद्य शिकता येतं. पुढे तीन जण जमले की अभ्यासमंडळ म्हणून नोंदणी करता येते आणि प्रौढशिक्षण संस्थांमार्फत सरावाची खोली स्वस्तात मिळते. त्यासाठी सरकारी अनुदान असतं. मी अशी एक खोली पाहिली आहे. इमारतीच्या तळघरात, भिंतींना जुने गालिचे ठोकलेले, कोपऱ्यात सगळ्यांनी मिळून वापरायचा ड्रम सेट, दारावर कुणाची पाळी कधी याचा कागद. त्या कागदावर मेटल बँडच्या खाली वयस्कर मंडळींच्या लोकसंगीताच्या गटाचं नाव होतं. तुम्ही काय वाजवता हे तिथे कुणी तपासत नाही.

इथेही सगळं आलबेल नाही. २०२४ पासून सरकारने या संस्थांच्या अनुदानाला टप्प्याटप्प्याने कात्री लावली आहे, साधारण एक तृतीयांश. पुढच्या पिढीतल्या बँडना त्याची झळ बसणार याची इथल्या वादकांना काळजी आहे, आणि मला ती रास्त वाटते.

आपल्याकडे हे नव्हतं असं मात्र कुणी म्हणू नये. खाँसाहेबांना कोल्हापूर दरबाराचा आश्रय शाहू महाराजांनी दिला. कोल्हापुरातला १८८३ पासूनचा देवल क्लब गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या हक्काची जागा होता. महाराजांनीच १९१५ मध्ये पॅलेस थिएटर बांधून पुरं केलं, तेच आजचं केशवराव भोसले नाट्यगृह. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं. त्या ज्वाळांचे व्हिडिओ मी इथे फोनवर बघत होतो, आणि त्यानंतर साधारण आठवड्याने हा अल्बम आला. नाट्यगृह पुन्हा उभारायचं ठरलं, ते व्हायलाच हवं. पण मोठं नाट्यगृह हे गाणं तयार झाल्यानंतरचं ठिकाण आहे. तयार होण्यापूर्वीची पाच-सात वर्षं पोरांनी कुठे काढायची? फ्लॅटमध्ये ड्रम वाजवला की सोसायटीची नोटीस येते, आणि तासावर मिळणारे स्टुडिओ विद्यार्थ्यांच्या खिशाला परवडत नाहीत.

महापालिकांच्या शाळा संध्याकाळी सहानंतर बंद असतात. प्रत्येक प्रभागातल्या एका शाळेची एक खोली रात्री नऊपर्यंत उघडी ठेवा. आवाज बाहेर जाणार नाही अशी सोय करा, एक ड्रम सेट, एक तबला-डग्गा, एक पेटी आणि दोन ॲम्प्लिफायर ठेवा, दारावर पाळीचा कागद लावा. भजनी मंडळ येऊ दे, अभंगाला गिटार लावणारी पोरं येऊ देत, मेटलवाले येऊ देत. आमच्या ग्रुपवर मी हेच लिहिलं. दोन्ही तटांतल्या काही जणांनी आपापल्या नगरसेवकाचा नंबर शोधायला घेतलाय.