विंचवाचं बिऱ्हाड टेकवायचं कुठे?

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण दुपारी जेवण झाल्यावर विंचू ते बिऱ्हाड लावतो कुठे, हे कुणी सांगितलेलं नाही. मला हा प्रश्न इंग्लंडमध्ये, सॉल्झबरी आणि पोर्ट्समथच्या अधेमधे कुठेतरी, एका लॉरीच्या मागे रखडलेलो असताना पडला. माझ्या पाठीवर बावीस फुटी कॅराव्हॅन होती, म्हणजे गाडीमागे जोडून ओढायचं चाकांवरचं घर. तिच्यात दोन पलंग, गॅसची शेगडी, फ्रिज, संडास आणि सासूबाईंनी साताऱ्याहून आणलेली गोधडी. आडवं व्हायला लागतं ते सगळं होतं. फक्त हे सगळं उभं करायला जागा नव्हती.

त्याचं असं झालं. सासूबाई शेंगेन व्हिसा काढूनच आल्या होत्या. आधी स्टोनहेंज, म्हणजे ते प्राचीन दगडांचं रिंगण दाखवायचं आणि मग फ्रान्समधलं नॉर्मंडी, असा बेत. स्टोनहेंज बघून त्या फक्त "अर्धवटच ठेवलंय की" एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला कॅम्पसाइट सोडायची होती आणि पोर्ट्समथहून फ्रान्सची बोट रात्री पावणेअकराची. अंतर पंचेचाळीस मैल. म्हणजे दीड तासाचा रस्ता आणि हातात पावणेबारा तास.

"बंदरावर जाऊन बसू की, जावईबापू," सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या लेखी फेरीबोट म्हणजे दाभोळ-धोपाव्याची. गाडी रांगेत लावायची, वडापाव खायचा, तो संपेपर्यंत बोट येते आणि दुसरा वडापाव संपेपर्यंत पलीकडचा किनारा.

"आई, चेक-इन संध्याकाळी उघडतं. तोवर कुठेतरी छान विश्रांती घेऊ," मी म्हणालो. हे वाक्य त्या दिवसभरात मला सहा वेळा ऐकवण्यात आलं.

नियम विचारा, मला तोंडपाठ आहेत. कॅराव्हॅन ओढताना साध्या रस्त्यावर ताशी ५० मैल, मोटारवेवर ६०. तीन लेनच्या मोटारवेवर उजवीकडच्या टोकाच्या लेनमध्ये शिरायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, चालत्या कॅराव्हॅनमध्ये माणसानं बसायचं नाही. सासूबाईंनी घराबाहेर पडतानाच विचारून ठेवलं होतं, "मी मागेच पडून राहते, तुम्ही चालवा." तेव्हा नाही म्हणताना आपण त्यांची वामकुक्षी कायद्यानं बंद करतोय, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. वामकुक्षी ही त्यांच्याकडे झोप नाही, नित्यकर्म आहे. दीड वाजता डाव्या कुशीवर. त्यात खंड पडला तो एकदा लेकीच्या लग्नात, आणि त्याबद्दलही त्या अजून लेकीलाच बोलतात.

पहिला प्रयत्न ले-बायमध्ये, म्हणजे रस्त्याकडेला गाडी थांबवायला काढलेल्या पट्ट्यात. जागा मिळाली, कॅराव्हॅन मावली, चहा टाकला. तेवढ्यात शेजारून चव्वेचाळीस टनी ट्रक गेला. सगळी कॅराव्हॅन आधी ट्रकपासून लांब ढकलली गेली, मग उलट त्याच्याकडे ओढली गेली, आणि टेबलावरचा कप आपणहून बायकोपासून माझ्यापर्यंत आला. १९६७ साली कोयनेचा भूकंप झाला तेव्हा सासूबाई आठ वर्षांच्या होत्या. कप सरकला तशा त्या क्षणात दार उघडून बाहेर गवतात जाऊन उभ्या राहिल्या. "आत नका थांबू," त्यांनी बाहेरून बजावलं. दर मिनिटाला एक ट्रक या हिशोबानं तिथे झोपणं म्हणजे पाटणमध्ये पन्नास वर्षं काढल्यासारखं झालं असतं.

दुसरा प्रयत्न सुपरमार्केट. पार्किंग मैदानाएवढं आणि निम्मं रिकामं. आत वळल्यावर समोर आडवी दांडी दिसली, उंचीची मर्यादा दोन मीटर. मागे चार गाड्या.

इथे थोडं थांबून रिव्हर्सबद्दल सांगायला हवं. कॅराव्हॅन मागे घेताना स्टिअरिंग डावीकडे फिरवलं तर ती उजवीकडे जाते. घाबरून उजवीकडे फिरवलं तर ती डावीकडे जाऊन गाडीच्या अंगावर कात्रीसारखी मिटायला लागते. मध्ये सरळ अशी एक स्थिती असते म्हणे. गाडी आणि कॅराव्हॅन मिळून लांबी एका एसटीएवढी, पण एसटीला कंडक्टर असतो. मला बायको आहे. ती मागे उभी राहून "येऊ दे, येऊ दे, येऊ दे," म्हणाली आणि मग एकदम, "आता का येतोयस?" चारही गाड्यांनी फार सभ्यपणे वाट करून दिली. एकीतल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी खाली उतरून मला हातवारे करून दाखवलं आणि शेवटी "मी घेऊ का?" असंही विचारलं. मी नको म्हणालो. का म्हणालो, ते माझं मलाच माहीत.

मोटारवेवरच्या सर्व्हिसेसमध्ये, म्हणजे थांब्यावर, कॅराव्हॅनसाठी वेगळी लांब जागा आखलेली असते. तशी होतीही. एका पट्ट्यात एक इवलीशी हॅचबॅक तिरकी उभी करून एक माणूस सॉसेज रोल खात होता. दुसऱ्यात दोन मोटारी एकापाठोपाठ. शेवटी आम्ही लॉऱ्यांच्या बाजूला शिरलो. तिथे फुकट दोन तास, पुढे पैसे, आणि येता-जाता नंबरप्लेट टिपणारा कॅमेरा. सासूबाईंनी पडदे ओढले, गोधडी पसरली, डावी कूस धरली. आणि शेजारच्या रेफ्रिजरेटेड लॉरीनं कूलिंग सुरू केलं. पिठाची गिरणी उशाशी घेऊन झोपल्यासारखं. तासाभरानं लॉरी गेली, सासूबाईंचा डोळा लागला, आणि तेव्हा दोन तासांतली दहा मिनिटं उरली होती. उठवायला कुणी जायचं यावर नवरा-बायकोत पाच मिनिटं गेली.

आता श्रीखंडाचं. ब्रेक्झिटनंतर, म्हणजे १ जानेवारी २०२१ पासून, ब्रिटनमधून युरोपियन युनियनमध्ये जाताना मांस आणि दुधाचे पदार्थ सोबत नेता येत नाहीत. हे मला माहीत होतं. सासूबाईंना सांगायचं बायकोवर होतं आणि बायकोच्या मते ते माझ्यावर होतं. परिणामी फ्रिजमध्ये दीड किलो श्रीखंड आणि तुपाची बरणी. गाडी चालू असते तोवर आमचा फ्रिज तिच्याकडून वीज घेतो, थांबलो की बंद. म्हणजे सासूबाईंना झोपवायचं तर थांबायला हवं आणि श्रीखंड टिकवायचं तर चालत राहायला हवं.

कुणीतरी पूर्वी सांगितलं होतं की गार्डन सेंटर, म्हणजे रोपं-कुंड्यांचं मोठं दुकान बघावं. मोठं आवार, दांडी नाही, स्वच्छतागृह आणि आत कॅफे. खरोखर तसं निघालं. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "चहा घेणार असाल तर खुशाल थांबा." आम्ही तीन चहा, तीन स्कोन घेतले. मी म्हणालो, "आई, आता निवांत पडा." पण आई दिसेनात. त्या कुंड्यांच्या रांगेत सापडल्या, हातात बेझिलचं रोप. "तुळशीच्याच घरातली आहे," वास घेत म्हणाल्या. रोपंही विनादाखला फ्रान्समध्ये नेता येत नाहीत, हे सांगायची पाळी या वेळी निर्विवाद माझी होती. दूध नाही, तूप नाही, तुळस नाही. "असल्या ठिकाणी जायचं कशाला पण?" साडेपाचला गार्डन सेंटर बंद झालं. झोप झालीच नव्हती, कारण मधला वेळ आम्ही बेझिल परत ठेवण्याच्या वाटाघाटीत घालवला.

त्यानंतर तासभर नुसतेच हिंडलो. त्याचं वर्णन करत नाही, डिझेलचा आकडा आठवतो.

सातला बंदरात शिरलो. पासपोर्ट दाखवले, गॅस बंद असल्याचं सांगितलं, आणि आम्हाला एका लेनमध्ये उभं केलं. पाहतो तर पुढे-मागे सगळ्या कॅराव्हॅनच. सपाट जमीन. दांडी नाही, कॅमेरा नाही, ट्रक नाही. पुढच्या जोडप्यानं घडीच्या खुर्च्या काढल्या होत्या आणि दोघं मुकाट्यानं चेडर चीज खात होते. पावाबिवाशिवाय, नुसतं. ठोकळा अर्धा उरला होता. त्यांच्या चेहऱ्यावरून मी ओळखलं. बायकोनं श्रीखंडाचा डबा काढला. बदल्यात चेडर आलं, ते आम्ही खाल्लं. मागच्या गाडीवाल्यांनी वाटीभर नेलं आणि "यात काय घातलंय?" म्हणून परत आले. सासूबाईंनी वेलची, केशर अशी मोजदाद केली आणि तिसऱ्या वाटीला मात्र झाकण लावलं. तूप संपेना. तुपाचं काय केलं ते विचारू नका.

मग त्या कॅराव्हॅनमध्ये गेल्या. पडदे ओढले. शांतता. पाच मिनिटांनी आतून घोरणं ऐकू आलं, आणि आम्ही दोघं दिवसात पहिल्यांदा एकमेकांकडे बघून हसलो.

तेवढ्यात लेन हलली.

मी दार वाजवलं. "आई, पुढे यावं लागेल. बोटीवर चढवायचीय."

"मग चढवा. मी झोपते."

"चालत्या कॅराव्हॅनमध्ये बसता येत नाही."

"बरं. वर चढल्यावर झोपते."

"बोट सुटली की गाड्यांच्या डेकवर जाऊ देत नाहीत. झोपायला वर वेगळी केबिन घेतलीय."

सासूबाई दारात आल्या. गोधडीची घडी घातली, खांद्यावर टाकली, कॅराव्हॅनकडे एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं.

"मग हे आपण ओढत कशाला नेतोय?"

मागच्यानं हॉर्न दिला म्हणून वाचलो.