अप्रेंटिस भावांनो, ट्रेनिंगचे रिपोर्ट जॉइनिंगलाच भरून टाका

मेकॅनिकलचा डिप्लोमा झाला, चाकणच्या कुठल्यातरी कंपनीचं लेटर हातात आलं, हेल्मेट घातलेला फोटो स्टेटसला टाकून झाला असेल तर आधी अभिनंदन. आता पुढचं वर्ष सुखात जावं म्हणून थोडं सांगतो, मनावर घ्या.

पुस्तकं रूमवर आणू नका. थर्मो, टीओएम (थिअरी ऑफ मशिन्स), मशीन डिझाईन सगळं गावाकडे माळ्यावर टाका. इथे लागतं एक डिबरिंगचं, म्हणजे धातूच्या कडेवरची धारदार कणी काढायचं, ब्लेड आणि दोन हात. क्रेट आला की जॉब, म्हणजे मशीनवरून आलेला पार्ट, उचलायचा, बोअरच्या, म्हणजे भोकाच्या, कडेने ब्लेड फिरवायचं, एअर गन मारायची, भोकाचं माप तपासायचा प्लग गेज घालायचा, गो बाजू आत गेली पाहिजे, नो-गो अडकली पाहिजे, मार्करचा ठिपका द्यायचा, पुढचा जॉब. शिकायला दहा मिनिटं लागतात. उरलेलं वर्ष सरावासाठी आहे.

सीएनसीच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनच्या, पॅनलकडे बघायचं पण नाही. ऑपरेटर दादा बिचारा चांगला असतो, ऑफसेट, म्हणजे टूलच्या मापातली दुरुस्ती, कसा द्यायचा ते दाखवायला लागतो, तेवढ्यात सुपरवायझर येतो आणि "इथं काय पिक्चर चाललाय का, तिकडं ट्रॉली कोण ढकलणार?" टूलचं कापणारं टोक, म्हणजे इन्सर्ट, बदलताना बघायला मिळालं तर त्या दिवशी दिवाळी समजा.

बारीक माप घ्यायचा मायक्रोमीटर मागू नका, तो ऑडिटसाठी असतो.

ओव्हरटाईमचं टेन्शन घेऊ नका. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्यात, कलम १५ मध्ये, स्पष्ट लिहिलंय की अप्रेंटिसशिप सल्लागाराच्या मंजुरीशिवाय अप्रेंटिसला ओव्हरटाईम लावता येत नाही आणि ती मंजुरीसुद्धा ट्रेनिंगच्या किंवा लोकांच्या हिताचं असेल तरच. पण पुढच्या शिफ्टचा रिलिव्हर आला नाही तर कायदा येऊन लाईनवर उभा राहणार आहे का? "आज जरा थांब रे, डिस्पॅच आहे" असं ऐकलं की गुपचूप जाऊन वेळेवर पंच आउट मारायचा आणि परत येऊन थांबायचं. कागदावर तुम्ही घरी गेलात. कंपनी पण खूश, कायदा पण खूश.

स्टायपेंडबद्दल कृतज्ञ राहा. २०१९ च्या नियमांत डिप्लोमावाल्याला किमान ८,००० आणि डिग्रीवाल्याला ९,००० ठरले, त्यात नॅट्स या केंद्र सरकारच्या अप्रेंटिस योजनेतून असाल तर त्या किमान रकमेतला अर्धा वाटा सरकार उचलतं, म्हणजे कंपनीला अर्ध्या पैशात अख्खा इंजिनिअर. कॉट बेसिसची रूम, मेस, रिचार्ज, आणि वीस तारखेनंतर घरी फोन. काका विचारतील, ती लाडका भाऊवाली स्कीम का? नाही म्हणा आणि विषय बदला.

बस चुकली आणि तळेगाव चौकाच्या ट्रॅफिकमधून यावं लागलं तर माझ्याकडे सल्ला नाही.

आता मुख्य मुद्दा, ट्रेनिंगचे रिपोर्ट. हे जॉइनिंगच्या दिवशीच भरून टाका, शेवटाला ठेवू नका, हात दुखतो. परवा आमच्या बॅचला एचआरने ट्रेनिंग रूममध्ये बोलावलं, एसी वगैरे लावलेला, वर्षात पहिल्यांदाच ती रूम आतून बघितली. टेबलावर कोऱ्या फॉर्मचा गठ्ठा, महिन्याला एक, आणि शेजारी पेनांचा डबा. निळी, काळी, जेल, बॉल, सगळी. "प्रत्येक महिन्याला पेन बदला, एकाच दिवशी भरल्यासारखं दिसायला नको." फळ्यावर नमुना लिहिलेला, आधी मशीन शॉप, मग टूल रूम, मग क्वालिटी, मग मेंटेनन्स, आपण फक्त उतरवायचं. मी लिहिलं, 'टूल रूममध्ये जिग-फिक्स्चरचे डिझाईन व ३-२-१ लोकेशन समजून घेतले', म्हणजे जॉब मशीनवर नेमक्या जागी घट्ट धरायची साधनं. टूल रूमच्या दारावर विनापरवानगी प्रवेश बंदची पाटी आहे, त्या पाटीपुढे आमच्यातला एकही पोरगा गेलेला नाही. पुढे लिहिलं, 'स्पिंडलचे बेअरिंग बदलण्याच्या कामात सहभाग'. व्हीएमसीचा, म्हणजे उभ्या सीएनसी मशीनचा, स्पिंडल (टूल फिरवणारा दांडा) खरंच बिघडला होता, मेंटेनन्सवाले अख्खा दिवस तो उघडून बसले होते, आणि आम्ही? मशीन बंद आहे, पोरं रिकामी आहेत, म्हणून यार्डात स्क्रॅप निवडायला. एकाने धीर करून विचारलं, सर यातलं काहीच दाखवलं नाही आम्हाला, तर म्हणे "सर्टिफिकेट पाहिजे ना?" मग सुपरवायझर आला आणि फोनवर बोलत बोलत सगळ्या कागदांवर सह्या ठोकून गेला, एक ओळ वाचली नाही.

म्हणून सांगतो, आधीच भरा, पेनं घरून... जाऊ दे, सल्ले गेले खड्ड्यात.

अरे कंपनीवाल्यांनो, लाज वाटते का तुम्हाला? अप्रेंटिस हा कामगार नाही, ट्रेनी आहे, हे कलम १८ तुम्हाला बरोबर पाठ आहे. पीएफ विचारला की तू ट्रेनी, बोनस विचारला की तू ट्रेनी, आणि टार्गेट द्यायचं असलं की लाईनवरच्या माणसाएवढंच. तीस किंवा जास्त माणसं असली की अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे म्हणून घेता, आणि कॉन्ट्रॅक्टवाल्यापेक्षा स्वस्त पडतो म्हणून त्याच्या जागी उभा करता. वर कॉलेजात पाहुणे म्हणून जाऊन बोलता की हल्लीच्या पोरांना प्रॅक्टिकल नॉलेज नाही. कुठून येणार? तुमच्याकडे वर्षभर होता ना तो!

उद्या हाच पोरगा दुसरीकडे इंटरव्ह्यूला जाणार, समोरचा विचारणार स्पिंडलचं बेअरिंग बसवताना काय काय बघितलंस, आणि हा गप्प. खोटारडा कोण ठरला? तो. लिहायला लावणारे तुम्ही, सही तुमची, आणि मान खाली घालायची त्याने.

आठवड्यातून दोन तास द्या. टूल रूमचं दार उघडा, मेंटेनन्सवाल्यामागे पाना घेऊन फिरू द्या, तेवढ्याने तुमचं प्रॉडक्शन बुडत नाही. आणि तेही जमत नसेल तर पोरांना त्या फॉर्मवर 'वर्षभर डिबरिंग केले' असं खरं लिहू द्या, आणि करा त्याच्याखाली सही.