जिन्याने सायकलिंग बिघडत नाही

सोलापुरातल्या सायकलींच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: "सायकलवाल्यांनी जिने चढू नयेत. गुडघे झिजतात. स्नायू वेगळेच वापरले जातात. सायकल हा पूर्ण व्यायाम आहे, दुसरं काही लागत नाही. आणि सोलापूर सपाट, चढाचा सराव हवाच कशाला?" माझ्या ओळखीच्या दोघांनी तो वाचून चांगला चाललेला जिना बंद केला, म्हणून उत्तर देतोय.

गुडघ्यांचं आधी. मेसेजने चढणं आणि उतरणं एकाच मापात मोजलंय. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचं वजन तोलत असतो आणि गुडघ्याच्या वाटीवर चढतानापेक्षा जास्त दाब येतो. दुसऱ्या दिवशी मांड्या धरतात त्या बहुतेक उतरल्यामुळे. मग चढून जा आणि लिफ्टने खाली या. लिफ्ट नसेल तर कठडा धरून सावकाश उतरा. गुडघा आधीच सुजत किंवा दुखत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जिन्याच्या वाटेला जाऊ नका. तेवढ्यापुरतं मेसेजचं म्हणणं मला मान्य आहे. पण धडधाकट गुडघा जिना चढून झिजतो, हे साफ चूक.

आता स्नायू. बहुतेक सायकलींचा क्रँक, म्हणजे पेडल ज्यावर फिरतं तो दांडा, 170 मिलिमीटरच्या आसपास असतो, म्हणजे पेडल तळापासून माथ्यापर्यंत 34 सेंटिमीटर वर येतं. आपल्या इमारतींची पायरी साधारण 15 ते 17 सेंटिमीटरची. दोन पायऱ्या एकदम घेतल्या की पाय जवळपास तेवढाच उचलला जातो, आणि मांडी अन् कुल्ल्याचे तेच मोठे स्नायू जोर लावतात.

जोरही मोजून बघा. 70 किलोचा माणूस 3 मीटरचा मजला 15 सेकंदांत चढला, तर नुसतं वजन वर न्यायला त्याला सुमारे 137 वॅट लागतात. तोच माणूस 12 किलोची सायकल घेऊन 5 टक्के चढावर ताशी 10-11 किलोमीटरने गेला, तर साधारण तितकीच ताकद लागते. तुळजापूरच्या घाटात ज्याची सायकल रडतखडत चढते, त्याला हा वेग ओळखीचा वाटेल. मिनिटाला पेडलच्या 80-90 फेऱ्यांची लय मात्र जिना देत नाही, ती सायकलवरच कमवावी लागते. म्हणून जिना हा जोडव्यायाम आहे, सायकलच्या बदल्यात नाही.

"पूर्ण व्यायाम" हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकलं. सायकलवर शरीराचा बराच भार सीट उचलते, त्यामुळे हाडांवर पुरेसा ताण येत नाही. वर्षानुवर्षं फक्त रस्त्यावर सायकल मारणाऱ्यांमध्ये कंबरेच्या मणक्यांची हाडं विरळ झालेली आढळतात, हे क्रीडावैद्यकात नवीन नाही. जिन्यात प्रत्येक पायरीला अख्खं वजन एका पायावर येतं. उड्यांइतका त्याचा फायदा नसेल, पण सीटवर बसून राहण्यापेक्षा नक्कीच जास्त.

सोलापूर सपाट आहे, हे खरंच. म्हणूनच तर जिना हवा! अक्कलकोट रोडला कितीही किलोमीटर काढले तरी घाटाची सवय होत नाही. शिवाय एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार गेला की सकाळी आठनंतर रस्त्यावर थांबवत नाही. जिन्यात निदान सावली असते.

सुरुवात करणाऱ्याने आठवड्यातून दोनदा, चार मजले मिनिटभरात, अशा चार फेऱ्या कराव्यात. पुढे आठपर्यंत न्या. तेवढ्यात 96 मीटर चढ होतो. रविवारच्या लांब राइडच्या आदल्या दिवशी जिना नको. आणि क्लीटचे (तळाला पेडलमध्ये अडकणारा खिळा असलेले) बूट घालून चढू नका, फरशीवर ते घसरतात.