टोरंटोचा दिवस, सोलापूरचा दिवस

२०२१ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने दोन एकरांत गांजा लावायची परवानगी जिल्हाधिकाऱ्यांकडे मागितली होती. बाकी कशालाच भाव नाही, मग निदान हे तरी लावू द्या, असा त्याचा हिशेब. त्यावर वाद होतो तो ठरलेलाच: व्यसन वाढेल, पैसा येईल, द्या, देऊ नका. कॅनडातून ही चर्चा ऐकताना खटकते ते एवढेच, की तीत पिकाबद्दल कुणी बोलतच नाही.

इथे १७ ऑक्टोबर २०१८ पासून मोठ्यांना घरटी चार झाडे लावता येतात (क्वेबेक प्रांतात मात्र एकही नाही). त्यामुळे टोरंटोच्या ओंटारियो प्रांतात खल चालतो तो रोप बाहेर कधी ठेवायचे याचा. थंडी ही त्यातली अर्धीच बाजू, उरलेली अर्धी दिवसाच्या लांबीची.

गांजा हे तुरीसारखे, लहान दिवसाचे पीक, म्हणजे दिवस लहान झाला की फुलणारे. जूनमध्ये पेरलेली तूर माणसाएवढी होते आणि सप्टेंबरची बुटकी राहूनच फुलते, हे आपल्याकडे कुणाला सांगावे लागत नाही. झाड खरे तर रात्र मोजते. सलग अंधार दहा तासांपुढे गेला, म्हणजे दिवस साधारण चौदा तासांखाली उतरला, की उत्तरेकडच्या बहुतेक जाती फुलावर येतात.

टोरंटोत १ मेला दिवस चौदा तासांच्या जरासा वर असतो, १ जूनला सव्वापंधरा, २१ जूनला १५ तास २६ मिनिटे. ऑगस्टच्या मध्याला तो पुन्हा चौदावर येतो. म्हणून एप्रिलच्या मध्यात बी घरात, छोट्या कुंडीत, सेंटिमीटरभर खोल टाकायचे. मेअखेर रात्रीचे तापमान १० अंशांखाली जायचे थांबले, की आठवडाभर रोज थोडा थोडा वेळ बाहेर ठेवून रोप सरावायचे आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात ४०-५० लिटरच्या कुंडीत किंवा वाफ्यात लावायचे.

चूक होते ती घरातल्या दिव्यावर. रोपे भराभर वाढावीत म्हणून दिवा १८ तास ठेवतात आणि मेच्या पहिल्या उबदार रविवारी कुंड्या अंगणात जातात. अठरा तासांवरून एकदम चौदा! रोपाला वाटते पावसाळा सरला, आणि वीतभर उंचीवरच त्याला फूल धरते. जूनमध्ये दिवस वाढला की ते गोंधळून पुन्हा वाढीला लागते. नवी पाने एकाच पात्याची, पिळवटलेली येतात आणि महिनाभर तरी वाया जातो. त्यापेक्षा दिवा पहिल्यापासून सोळा तासांवर ठेवावा आणि शेवटच्या आठवड्यात पंधरावर आणावा.

दुसरी अडचण शेवटाला. ऑगस्टमध्ये फुलावर आलेले झाड तयार व्हायला आठ-नऊ आठवडे घेते, म्हणजे ऑक्टोबर उजाडतो. ओल आणि गारठ्यात दाट फुले आतून करड्या बुरशीने सडतात, वरून काही कळत नाही. सप्टेंबरअखेर उरकणारी जात निवडली तरच धडगत. आणि कुंडीवर रस्त्याचा दिवा पडत असेल, तर फुलणेच लांबते. शेवंतीचा बहर पुढे ढकलायला शेतकरी रात्री बल्ब लावतात, तोच प्रकार, फक्त नको तिथे.

आता सोलापूर. तिथला वर्षातला सर्वांत मोठा दिवस सुमारे १३ तास १० मिनिटांचा, सर्वांत लहान ११ तास ५ मिनिटांचा. चौदा तास तिथे कधी होतच नाहीत. म्हणजे इथले किंवा युरोपातले बी तिथे जूनमध्ये पेरले, तरी तीन-चार आठवड्यांचे बालपण संपताच ते फुलणार. वरचे वेळापत्रक गावी पाठवायच्या लायकीचे नाही ते यामुळेच.

धाग्याच्या भांगेचे, म्हणजे हेंपचे तर याहून वाईट. त्यात पैसा ताटाच्या, म्हणजे खोडाच्या लांबीचा, आणि फुलल्यावर ताट वाढत नाही. युरोपात दोन-अडीच मीटर जाणारे वाण आपल्याकडे कमरेला लागले तरी पुष्कळ. उत्तराखंडने २०१८ मध्ये हेंपला परवाने दिले, टीएचसी (नशा आणणारे द्रव्य) ०.३ टक्क्यांच्या आत, याचा दाखला सगळे देतात. पण तिथल्या अल्मोड्याचा जूनचा दिवस चौदा तासांचा आहे, सोलापूरपेक्षा सुमारे पन्नास मिनिटांनी मोठा. तिकडचे बीही जसेच्या तसे चालेल असे धरू नये.

१९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात विनापरवाना लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. त्याच कायद्याच्या कलम १४ मध्ये धागा आणि बियांसाठी लागवडीला परवानगी द्यायची वाटही आहे. ती वाट आधी राहुरीच्या कृषी विद्यापीठाला मोकळी करावी, शेतकऱ्याला नंतर. खर्चही फारसा नाही. कुंपणातले अर्धा एकर, देशी-परदेशी आठ-दहा वाण, १ जूनपासून १५ ऑगस्टपर्यंत दर पंधरवड्याला एक अशा सहा पेरण्या, आणि प्रत्येकीच्या तीनच नोंदी: पहिले फूल कोणत्या तारखेला, तेव्हा ताटाची उंची किती, काढणीला टीएचसी किती.