चकतीची झीज दिसते म्हणून चकतीच दुखते असे नाही

कंबरदुखीवरच्या स्टेम सेल (मूळ पेशी) उपचाराविषयीचा एक लेख वाचला. एमआरआयमध्ये मणक्यांमधल्या चकतीची झीज दिसली की रुग्ण स्टेम सेलच्या इंजेक्शनसाठी योग्य ठरतो, हे त्या लेखातले विधान मला फार घाईचे वाटते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात, कंबर अजिबात न दुखणाऱ्यांपैकीही विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांत अशी झीज आढळली होती. तेव्हा वेदना खरोखर चकतीतूनच येते, की मणक्यांच्या मागच्या सांध्यांतून, माकडहाडाजवळच्या सांध्यातून किंवा दबलेल्या नसेतून, हे आधी ठरायला हवे.

झीज किती झाली आहे, हाही कळीचा मुद्दा आहे. प्रौढांच्या चकतीला रक्तपुरवठा जवळजवळ नसतो आणि तिचे पोषण वरच्या-खालच्या मणक्यांतून झिरपत येते. त्यामुळे उंची गमावून बसलेल्या चकतीत सोडलेल्या पेशी तगणे अवघड असते, आणि म्हणूनच या उपचाराच्या क्लिनिकल चाचण्यांत (रुग्णांवर उपचार तपासून पाहणाऱ्या अभ्यासांत) सहसा मध्यम झीज असलेले, काही महिने नीट व्यायामोपचार घेऊनही आराम न पडलेले रुग्ण निवडतात. जंतुसंसर्ग, कर्करोग, पायांत वाढत जाणारी कमजोरी किंवा लघवीवरचा ताबा जाणे, अशा रुग्णांचा मार्गच वेगळा.

हिंजवडीत दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या आणि पुण्याच्या खड्ड्यांतून दुचाकी चालवणाऱ्या तरुणांना हे इंजेक्शन सुचवले जात असेल, तर त्यांनी एक प्रश्न जरूर विचारावा: हा उपचार नोंदणीकृत क्लिनिकल चाचणीचा भाग आहे का? आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार कंबरदुखीसाठी स्टेम सेलचा वापर चाचणीबाहेर करता येत नाही, आणि लेखात याचा उल्लेख असायलाच हवा होता.