सारवासारव? ‘एक जिज्ञासू’ यांना उत्तर

नमस्कार ‘एक जिज्ञासू’,

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. तेव्हाच उत्तर लिहायला बसले असते तर भाषा जरा वेगळी झाली असती, म्हणून दोन दिवस थांबले. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. मी टॅरोचे, म्हणजे भविष्य बघायचे पत्ते वाचते. मागच्या लेखात मी त्यातल्या फाइव्ह ऑफ वॉन्ड्स, म्हणजे पाच काठ्यांच्या पत्त्याला ‘खेळातली झटापट’ म्हटलं होतं. तुमचं म्हणणं, ही गिऱ्हाईक दुखावू नये म्हणून केलेली सारवासारव आहे. पत्ता सरळसरळ भांडणाचा, ॲलिस्टर क्राउलीच्या डेकवर (पत्त्यांच्या संचावर) तर ‘स्ट्राइफ’ म्हणजे कलह असं छापलेलंच आहे, मी वापरते तो रायडरचा डेक आखणाऱ्या वेटनेही पत्ता उलटा आला तर त्याचा अर्थ कोर्टकज्जे असा दिलाय, आणि हा रायडरचा डेक १९१० चा नसून १९०९ चा आहे. शेवटी हे वाक्य: ‘बाई, तुम्ही आयुष्यात खरं भांडण पाहिलेलं दिसत नाही.’

सालाचं आधी मिटवू. तुमचं बरोबर, माझं चुकलं. लंडनच्या रायडर कंपनीने पत्ते १९०९ च्या डिसेंबरात काढले, वेटचं पुस्तक १९१० चं. माझ्याकडून दोन्ही एकात एक झालं. लेखात दुरुस्ती केली आहे, आभार. चूक कबूल करायला मला जड जात नाही, हे इथले जुने वाचक सांगतील.

आता ‘बाई’. माझं नाव या पानावर वर ठळक अक्षरात आहे. तुमचं कुठेच नाही. बरं, जिज्ञासू म्हणवणाऱ्याने निदान एखादा प्रश्न तरी विचारावा. तुमच्या अख्ख्या प्रतिक्रियेत एकही प्रश्नचिन्ह नाही. मी पुन्हा जाऊन मोजलं.

आणि सारवासारव म्हणाल, तर मी शेणाने सारवलेल्या घरात वाढलेली मुलगी आहे. माझे वडील आणि चार काका, पाच भाऊ. गाव कोल्हापूरपासून तासाभरावर, पंचगंगेच्या काठी. आजोबा गेले आणि दोन वर्षांत साडेचार एकर उसावरून पाची जणांचं फाटलं. सुरुवात मोटरीच्या पाळीवरून झाली. मग कुणीतरी बांध कोरला. बांध कोरणं म्हणजे काय ते शेतकऱ्याच्या घरात विचारा. दर नांगरटीला वीतभर, आवाज न करता. केस एकोणीस वर्षं चालली. या एकोणीस वर्षांत कुणी कुणावर काठी उगारली नाही, की साधी शिवी दिली नाही. तारखेला दोन भाऊ एकाच एसटीतून जायचे आणि एक जण सबंध प्रवासभर खिडकीबाहेर बघत बसायचा. माझ्या लग्नाची पत्रिका एका काकांकडून न उघडता परत आली. आईने ती देव्हाऱ्यातल्या पोथीखाली ठेवून दिली, आजही तिथेच आहे. खरं भांडण असं असतं, जिज्ञासू. त्यात खडखडाट नसतो.

काठीचंही ऐकून घ्या, कारण तुम्हाला काठी दिसली की मारामारीच दिसते. शाळेत असताना मी चुलतभावांच्या मागे लागून तालमीत लाठी शिकले. (हो, त्याच काकांची मुलं. मोठ्यांचं अजून फाटायचं होतं.) पाच-सहा पोरं एकदम काठ्या घेऊन उतरली की रस्त्याने जाणारा माणूस थांबायचा, त्याला वाटायचं आता डोकी फुटणार. आत आमचं हसू आवरत नसायचं. वस्ताद फक्त एवढंच ओरडायचे, ‘पाय बघ, पाय!’

आता रायडरच्या डेकमधलं, पामेला कोलमन स्मिथने काढलेलं या पत्त्याचं चित्र समोर घ्या. पाच तरुण, पाची जणांचे कपडे वेगवेगळ्या रंगांचे. डोक्यावर निळं स्वच्छ आकाश. काठ्या एकमेकींना आडव्या गेल्यात, पण एकही कुणाच्या अंगाला लागलेली नाही. रक्त नाही, कुणी खाली पडलेला नाही. काठ्यांना तर पालवी फुटलेली आहे! वेट हा खेळ असेल किंवा झगडा असेल असं दोन्ही म्हणतो, हे मला ठाऊक आहे. पण लगेच पुढे तो त्याला नकली युद्ध म्हणतो. आपल्याकडे यालाच लुटुपुटीची लढाई म्हणतात. हा शब्द मी पदरचा घातला, बाकी सगळं त्याचंच.

माझ्या काकांचं भांडण शोधायचं तर ते फाइव्ह ऑफ सोर्ड्समध्ये सापडेल. पुढे एक माणूस तीन तलवारी गोळा करून कुत्सितपणे मागे बघतोय, दोन तलवारी जमिनीवर, आणि दोघे खालमानेने पाण्याच्या दिशेने निघालेत. तिथे लढाई संपलेली आहे आणि नातंही. वॉन्ड्समध्ये अजून कुणी मैदान सोडलेलं नाही. रीडिंगला, म्हणजे पत्ते वाचून घ्यायला आलेल्या माणसाला हा फरक सांगितला तर त्याला सारवासारव म्हणायचं? ऑफिसातल्या वादावरून विचारायला आलेल्या मुलीला मी म्हणते, ‘अजून सगळे बोलतायत ना, मग तूही बोल.’ तुमच्या हिशोबाने तिला काय सांगायचं होतं, नोकरी सोड?

क्राउलीबद्दल फार लिहीत नाही. तो डेक वेगळा, त्याची चित्रं फ्रीडा हॅरिसची, आणि त्या पत्त्यावर माणसंच नाहीत, नुसते दंड. चित्रातून कळत नाही म्हणूनच खाली शब्द छापावा लागला असेल, असं माझं आपलं मत. उलट्या पत्त्याचं म्हणाल तर माझा लेख सुलट पत्त्याबद्दल होता. आमच्या केसच्या निकालाआधी मी स्वतः पत्ता काढला होता. तो कोणता आला आणि सुलट आला की उलटा, हे इथे लिहिणार नाही. तो घरचा विषय आहे.

राहिलं ‘गिऱ्हाईक’. सगळ्यात जास्त हाच शब्द लागला. ज्या बाईने या पत्त्यांची चित्रं काढली, त्या पामेलाने १९०९ मध्ये छायाचित्रकार स्टिग्लिट्झला कळवलं होतं की मोठं काम नुकतंच हातावेगळं केलं, पैसे मात्र फार थोडे. १९५१ मध्ये ती इंग्लंडात कॉर्नवॉलमधल्या ब्यूड गावी वारली तेव्हा हाताशी काही उरलं नव्हतं. मी तिच्याशी बरोबरी करत नाही. पण या धंद्यात पैसा कुठे जातो आणि कुठे जात नाही ते मला कळतं, एवढंच. आलेल्या माणसाला घाबरवून सोडलं की तो दर आठवड्याला येतो. धीर दिला तर वर्षभर फिरकत नाही. मग गिऱ्हाईक राखायचं असतं तर मी काय केलं असतं, ते तुम्हीच ठरवा.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. फक्त तिच्या शेवटी तुम्ही ‘फी परत करा’ असं जे लिहिलं आहे, त्यासाठी वहीतली दहा वर्षांची पानं चाळली. तुम्ही माझ्याकडे रीडिंगला कधी आलाच नाहीत. टोपणनावाने आला असाल तर तारीख कळवा.