हात लहान म्हणून बंदूकही लहान?

गेले तीन महिने हा राग पोटात घेऊन फिरतेय. आज लिहून टाकते.

ह्यूस्टनच्या बाहेर आमचं छोटं दुकान आहे, गॅस स्टेशनला लागून. आठवड्यातले चार दिवस रात्री मी बंद करते. अकराला गल्ला मोजायचा, पैशांची पिशवी स्वेटरखाली धरायची, कुलूप लावायचं आणि अंधाऱ्या पार्किंगमधून गाडीपर्यंत एकटीने चालत जायचं. दिवाळीनंतर आमच्यापासून चार दुकानं पलीकडे एका पोराच्या कानशिलाला पिस्तूल लावून गल्ला नेला. त्या रात्री ठरवलं, आता आपल्यालाही हवं. बारा वर्षं टाळलेली गोष्ट होती ही, हौस नव्हती.

टेक्सासमध्ये २०२१ च्या सप्टेंबरपासून २१ वर्षांवरच्या, कायद्याने बंदूक ठेवायला पात्र असलेल्या माणसाला परवान्याविनाही ती अंगावर बाळगता येते. मला ते पटत नाही. आपला नेम लागतो की नाही हे कुणी तपासल्याशिवाय असली वस्तू कमरेला लावून मी माणसांत फिरणार नाही. म्हणून परवाना काढायचाच, हेही तेव्हाच ठरवलं होतं.

बंदुकीच्या दुकानात नवऱ्याला घेऊन गेले. काउंटरमागच्या माणसाने त्याच्याकडे बघून विचारलं, "बायकोसाठी का?" नवरा म्हणाला, "तिलाच विचारा." तरी मला काही विचारलं नाही. कुठे बाळगणार, कपडे कसले घालता, आधी कधी गोळी झाडली आहे का, एक प्रश्न नाही. माझ्या हाताकडे एकदा पाहिलं आणि गुलाबी मुठीचं एक छोटंसं रिव्हॉल्व्हर काचेवर ठेवलं. म्हणाला, "हात लहान आहेत, यांना हेच बरं. हलकं आहे, पर्समध्ये राहील." मला काही कळत नव्हतं. साडेचारशे डॉलर मोजले, फॉर्म भरला, पार्श्वभूमीची तपासणी झाली आणि घेऊन आले.

आता ऐका त्या हलक्या बंदुकीची गोष्ट. नेमबाजीच्या रेंजवर पहिलीच गोळी झाडली आणि हात डोक्याच्या वर गेला. मनगटातून कळ थेट कोपरात. पाच गोळ्या संपेपर्यंत अंगठा आणि बोटाच्या बेचक्यातली कातडी सोलली होती. दुसऱ्या दिवशी कणीक मळता येईना. सात यार्डांवर, म्हणजे आमच्या दुकानाच्या काउंटरपासून फ्रिजपर्यंतच्या अंतरावर, पाचांतल्या दोन गोळ्या कागदाला लागल्या. बाकीच्या तीन कुठे गेल्या मला माहीत नाही. खऱ्या पार्किंगमध्ये त्या तीन कुणाला लागल्या असत्या?

घरी येऊन रडले. वाटलं, हे आपल्याला जमणारं नाही. आणि माझा सगळ्यात मोठा राग याच गोष्टीचा आहे. चुकीची बंदूक दिली त्या माणसाने, आणि मी दोष दिला माझ्या हातांना.

गणित साधं आहे हो. गोळी जितक्या जोराने पुढे जाते तितकाच धक्का मागे येतो. बंदूक जड असेल तर बराचसा धक्का तिच्या वजनात जिरतो, हलकी असेल तर सगळा तळहातात उतरतो. माझं रिव्हॉल्व्हर चारशे ग्रॅमचं होतं, म्हणजे एक पौंडही नाही. आणि त्याचा चाप ओढायला जोर लागायचा बारा पौंडांचा! एक पौंडाची वस्तू हातात स्थिर धरून बारा पौंडांनी चाप ओढायचा. नेम हलेल नाही तर काय होईल? वर नळी दोन इंचांची, त्यामुळे नेम धरायच्या पुढच्या आणि मागच्या खुणा इतक्या जवळ की जराशी चूक झाली तरी गोळी बरीच बाजूला जाते. मुठीवर करंगळीला जागाच नाही. वर्षानुवर्षं सराव केलेल्या माणसाच्या हातात ही बंदूक उत्तम काम करते, घोट्याला लावून फिरणारे जाणकार आहेत. नवशिक्याला शिकायला याहून अवघड दुसरी सापडणार नाही. आणि नेमकी हीच प्रत्येक नवशिक्या बाईच्या हातात देतात.

दुसऱ्या दुकानात गेले, म्हटलं, पिस्तूल दाखवा. तो म्हणाला, "बायकांना स्लाइड खेचता येत नाही, उगाच पैसे घालवू नका." स्लाइड म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग, गोळी भरायला तो मागे खेचावा लागतो. मी दोन बोटांच्या चिमटीत धरून खेचायचा प्रयत्न केला, हलली नाही. तो मान हलवून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला. कसं धरायचं ते सांगायला त्याला एक मिनिटही नव्हतं.

ते एक मिनिट शेवटी परवान्याचा वर्ग घेणाऱ्या बाईंनी दिलं. बाई साठीच्या, माझ्याहून बुटक्या. त्यांनी पिस्तूल माझ्या छातीजवळ आणलं, डाव्या हाताचा पूर्ण पंजा स्लाइडवर ठेवायला लावला आणि म्हणाल्या, "स्लाइड ओढू नकोस, ती नुसती घट्ट धर. उजव्या हाताने मूठ पुढे ढकल." खट्कन सरकली! तीस वर्षं भाकऱ्या थापल्यात या हातांनी. ताकद होतीच, धरायची रीत कुणी सांगितली नव्हती. आणि ज्यांना संधिवाताने खरंच जड जातं त्यांच्यासाठीसुद्धा मुद्दाम मऊ स्लाइडची पिस्तुलं २०१८ पासून बाजारात आहेत. हे त्या काउंटरवाल्यांना माहीत नसेल? रोज विकतात.

बाईंनी चार पिस्तुलं भाड्याने घेऊन माझ्याकडून झाडून घेतली. ग्लॉक १९ सगळ्यात शांत वाटलं, गोळ्याही पंधरा, पण माझ्या अंगावर लपेना. सिग पी३६५ लहान असून त्यात दहा गोळ्या मावतात. ते २०१८ ला येईपर्यंत एवढ्याशा पिस्तुलात सहा-सातच मावायच्या. मला बसलं ग्लॉक ४३एक्स. चपटं, वजन अर्धा किलोच्या आसपास, चाप सहा पौंडांच्या जवळपास आणि मूठ इतकी लांब की करंगळीसुद्धा पकडीत येते. या पिस्तुलांत लागते ती ९ एमएमची गोळी बायकांना झेपत नाही म्हणतात. अहो, एफबीआय त्याहून मोठी .४० कॅलिबरची गोळी वापरून दशकभरापूर्वी ९ एमएमवर परत आली आणि कारण दिलं की बहुतेक एजंट याच गोळीने जास्त भरभर आणि अचूक नेम साधतात. म्हणजे कमी धक्का त्यांच्या एजंटांनाही हवा असतो, आणि मला मात्र सगळ्यात जास्त उडणारी वस्तू, वर गुलाबी रंग.

आणि कपडे! होल्स्टर, म्हणजे बंदूक अंगावर ठेवायचं म्यान, बनवणारा प्रत्येक जण गृहीत धरतो की समोरच्याच्या कमरेला जाड चामड्याचा पट्टा आहे. मी दुकानात सलवार-कुडता घालते. नाडीला होल्स्टर अडकवलं तर सलवार खाली येते. साडीवर तर विचारच नको, बंदूक काढायला आधी निरी सोडायची का? शेवटी कुडत्याच्या आतून बांधायचा रुंद पट्टा घेतला, चाप पूर्ण झाकणाऱ्या कडक खोबणीसकट. हे शोधायला सहा आठवडे आणि तीन वाया गेलेली होल्स्टरं लागली.

"पर्समध्ये ठेवा" हे तर मला कुणी पुन्हा सांगू नका. चोर आधी हात घालतो पर्सलाच. पर्स आपण खुर्चीला अडकवतो, गाडीत विसरतो, शॉपिंग कार्टमध्ये ठेवतो. २०१४ च्या डिसेंबरात आयडाहोमधल्या हेडन गावी एक आई मुलांना घेऊन खरेदीला गेली होती. नाताळची भेट मिळालेली, बंदुकीसाठी खास कप्पा असलेली पर्स कार्टमध्ये होती. तिच्या दोन वर्षांच्या मुलाने त्यात हात घातला, गोळी सुटली आणि आई तिथेच गेली. दोन वर्षांचा मुलगा! मला रिव्हॉल्व्हर विकणाऱ्याच्या मागच्या भिंतीवर तसल्याच पर्सा टांगलेल्या होत्या, आणि त्याने मला विचारलंही नाही की घरी नातवंडं येतात का. माझी नात तीन वर्षांची आहे.

परवान्याच्या परीक्षेत ५० गोळ्या झाडायच्या असतात, तीन, सात आणि पंधरा यार्डांवरून. २५० पैकी १७५ गुण लागतात. मला २३६ पडले. याच हातांनी.

मागच्या आठवड्यात ते रिव्हॉल्व्हर परत द्यायला गेले. तो म्हणाला, परत घेत नाही, वापरलेलं म्हणून दीडशे देतो. काचेखाली त्याच रांगेत, तसल्याच दुसऱ्या गुलाबी मुठीशेजारी त्याने बोट ठेवून जागासुद्धा दाखवली, इथे लावतो म्हणाला. मी उचललं आणि घरी घेऊन आले. रिकामं करून तिजोरीत कुलुपात ठेवलंय. साडेचारशे डॉलर गेले तर गेले, पण ते पुन्हा त्या काचेखाली जाणार नाही.